ओट्यावरची भट्टी

मिरजेतल्या एका जुन्या गल्लीत असरची नमाज आटोपली, की एका घराच्या खिडकीतून तुपाचा आणि वेलचीचा वास बाहेर येऊ लागतो. रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले आहेत. रोजे जवळपास संपत आले आहेत आणि ईदच्या तयारीला वेग आला आहे. वास आला की शेजारच्या दारातली मुलं थबकतात. "नानकटाई!" एवढं म्हणून पळतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा वास गल्लीच्या टोकाच्या बेकरीतून यायचा. आता तो एका घराच्या ओट्यावरून येतो. तिथे मिक्सरच्या शेजारी, भिंतीपासून चार बोटांपेक्षा जास्त जागा सोडून, काळ्या रंगाचा, काचेच्या दाराचा, तीस लिटरचा एक ओव्हन बसवलेला आहे. दुकानदार त्याला ओटीजी म्हणतात. ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. घरातली सत्तरी ओलांडलेली सासू मात्र त्याला भट्टीच म्हणते.

या भट्टीने गेल्या वर्षभरात या घराला बरंच शिकवलं. थोडं भाजण्याबद्दल, थोडं शेजाराबद्दल.

पत्र्याचे डबे आणि उतरती आंच

नानकटाई कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे कधी कुणाला पडला नाही. नावातला नान हा शब्द फारसी, त्याचा अर्थ रोटी. सुरतेत डच व्यापाऱ्यांसाठी चालणाऱ्या बेकरीत तिचा जन्म झाला, असं सांगितलं जातं. महाराष्ट्रात ती दिवाळीच्या फराळातही बसली आणि ईदच्या दस्तरखानावरही. गोव्यात नाताळाच्या थाळीत नारळ-रव्याचा बाथ केक असतो, कोकणात काकडीचं धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात. घरात चूल असूनही भाजण्याचे पदार्थ आपण केले, ते असे काहीतरी युक्ती करून. पण नानकटाईसाठी भट्टीच लागायची, आणि भट्टी बेकरीवाल्याची असायची.

म्हणून मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलची घेऊन बायका बेकरीत जायच्या. काही घरी पीठ मळून न्यायच्या, काही तिथेच कारागिराकडून मळून घ्यायच्या. मजुरी किलोवर ठरलेली. सोबत पत्र्याचे मोठे डबे. नंबर लागायचा आणि नंबर येईपर्यंत गप्पा. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, हे सगळं त्या रांगेत कळायचं.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि सुमारे ३२-३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी ईद आणि दिवाळी अगदी पाठोपाठ आल्या. २००५ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि त्याच आठवड्यात ईद. सासूला ती तीन वर्षं स्वच्छ आठवतात. "रांग रस्त्यावर गेली होती," ती सांगते. "अर्ध्या डब्यांवर खडूने उर्दूत नाव, अर्ध्यांवर मराठीत. भट्टीवाल्याला एकही वाचता येत नव्हतं. तो डब्यावरचा पोचा बघून डबा ओळखायचा."

त्या रांगेत तिच्या मागे उभी असायची शेजारची वहिनी. दोघींची लग्नं दोन वर्षांच्या अंतराने झाली, दोघींची घरं एका भिंतीची. एक दुसरीला वहिनी म्हणते, दुसरी पहिलीला भाभी. इतक्या वर्षांत यात बदल झाला नाही.

भट्टीचं एक शास्त्र होतं. पहाटे लाकडं पेटवून भट्टी तापवायची, आधी पाव, मग खारी-टोस्ट, आणि आंच उतरू लागली की शेवटी नानकटाई. भट्टी किती तापली हे बघायला कारागीर चिमूटभर मैदा आत भिरकवायचा. मैदा लगेच काळा पडला तर थांबायचं, हळूहळू बदामी झाला तर पत्रे सरकवायचे. आकडे नव्हते, पण अंदाज पक्का होता.

दोन वर्षांपूर्वी ही भट्टी बंद झाली. कारणं नेहमीचीच. लाकडाचा खर्च वाढला, कारागीर मिळेनात, मुलांनी दुसरा धंदा धरला. लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांचे दिवस तसेही भरत आले आहेत. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने अशा बेकऱ्यांना गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं. धूर सगळ्यांच्याच फुप्फुसात जातो, त्यामुळे त्यात चुकीचं काही नाही. पण लहान गावात एक भट्टी विझते तेव्हा तिच्यासोबत एक रांगही मोडते.

पहिला घाणा जळला

मागच्या वर्षी शाबानच्या शेवटच्या आठवड्यात या घरातल्या मुलाने हप्त्यावर ओव्हन आणला. त्याच्या मनात नानकटाई नव्हती. त्याला इफ्तारला तंदुरी चिकन आणि सीख कबाब हवे होते. सुनेला मात्र खोक्यावरच्या बिस्किटांच्या चित्रावरून वेगळंच सुचलं.

पहिली अडचण आली ती प्लगची. ओव्हन १६०० वॅटचा. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेवर तो साधारण सात अँपिअर ओढतो. टीव्ही-मिक्सरचा साधा प्लग सहा अँपिअरचा. मुलाने सुरुवातीला कन्व्हर्टर पिन लावून काम भागवलं. तिसऱ्या दिवशी प्लग गरम झाला आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. सासूने मेन स्विच बंद केला. वायरमन आला, त्याने मीटरपासून जाड वायर ओढून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट दिला. "ओव्हनपेक्षा आधी हे करायचं असतं," तो म्हणाला. जुन्या घरांत हे लक्षात ठेवायलाच हवं. रमजानमध्ये सहरच्या वेळी गिझर, मोटर आणि ओव्हन एकदम चालू होतात, आणि त्या वेळी अर्धं घर झोपेत असतं.

दुसरी अडचण माहितीची. मायक्रोव्हेव आणि ओटीजी यांत लोकांचा अजूनही घोळ होतो. मायक्रोव्हेव अन्नातल्या पाण्याचे कण हलवून अन्न गरम करतो, त्यामुळे नुसत्या मायक्रोव्हेववर पदार्थाला बदामी रंग आणि खुसखुशीतपणा येत नाही. धातूचं भांडंही त्यात चालत नाही. ओटीजीमध्ये वर आणि खाली विजेच्या कांड्या असतात. त्या लालबुंद होतात आणि कोरडी आंच देतात. म्हणजे तत्त्व भट्टीचंच. त्यात स्टीलचं, ॲल्युमिनियमचं, उष्णता सोसणाऱ्या काचेचं भांडं चालतं, प्लास्टिक अजिबात नाही. कन्व्हेक्शन म्हणजे आत एक पंखा. तो गरम हवा फिरवतो, त्यामुळे कोपरे थंड आणि मधला भाग जळका असं होत नाही. पण फिरती हवा आंच लवकर पोचवते. त्यामुळे पंखा लावला, की नेहमीपेक्षा वीसेक अंश कमी ठेवावे लागतात, नाहीतर वेळ कमी करावा लागतो.

हे सुनेला तेव्हा माहीत नव्हतं. तिने १८० अंश लावले, पंखा चालू केला, ओव्हन आधी न तापवता ट्रे वरच्या कप्प्यात ठेवला. पाव किलो मैद्याचा पहिला घाणा. दहा मिनिटांत नानकटाई पसरून एकमेकींना चिकटल्या, पंधराव्या मिनिटाला वरून काळ्या पडल्या, आतून कच्च्याच राहिल्या. सतरावा रोजा होता. चाखून बघायची सोय नव्हती. तिने ट्रे ओट्यावर ठेवला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तूप दीडशे ग्रॅम गेलं होतं, त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

सासू पाटावर बसून तसबीह फिरवत होती. तिने ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "आंच चढती होती की उतरती?"

सून म्हणाली, "अम्मी, यात चढती-उतरती नसते. आकडा असतो."

"आकड्यालाही चढता-उतरता येतं," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून केलं. पीठ मळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं, कारण चैत्राच्या तोंडावरच्या उन्हाळ्यात तूप लगेच पातळ होतं. मैदा आवळून धरायच्या आतच ते वितळलं, तर नानकटाई पसरणारच. ओव्हन १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं रिकामा तापवला. ट्रे मधल्या कप्प्यात ठेवला, पंखा बंद, वरची-खालची दोन्ही आंच चालू. आणि ट्रे आत गेल्यावर आकडा १६० वर आणला. हीच ती उतरती आंच. पावानंतरची भट्टी सासूने तीस-चाळीस वर्षं पाहिली होती, तिने ती बटणावर उतरवली.

सोळा मिनिटांनी कडा किंचित बदामी झाल्या, माथ्यावर बारीक भेगा पडल्या. सुनेने एक उचलायला हात घातला तर ती मऊ. तिला वाटलं, कच्ची राहिली, अजून पाच मिनिटं ठेवावी. सासूने हात धरला. "गार होऊ दे. नानकटाई भट्टीत होत नाही, डब्यात जायच्या आधी ट्रेवर होते." वीस मिनिटांनी ती टणक आणि खुसखुशीत झाली होती. नवशिक्यांच्या बहुतेक नानकटाई याच पाच मिनिटांत जळतात.

न चाखता रांधणं

रमजानमधला स्वयंपाक हा जगातला एक वेगळाच स्वयंपाक आहे. दिवसातला सगळ्यांत मोठा बेत अशी व्यक्ती करते जिने पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. मीठ बघायचं तर गरजेपुरतं जिभेच्या टोकावर लावून थुंकून टाकायची मुभा आहे, पण पुष्कळ बायका तेही टाळतात. त्या वासावरून, रंगावरून, आवाजावरून ओळखतात. कढईतलं तेल तापलं की नाही हे लाकडी चमच्याभोवती उठणाऱ्या बुडबुड्यांवरून, वरण शिजलं हे शिट्टीच्या सुरावरून.

ओव्हनने या घरात दुपारचा एक तास वाचवला, असं सून सांगते. इफ्तारच्या आधीचा तास सगळ्यांत कठीण. पोटात काही नाही, घशाला कोरड, समोर तापलेली कढई आणि घड्याळाची घाई, कारण अजान कुणासाठी थांबत नाही. ओव्हनमध्ये समोसे वरून तेलाचं बोट फिरवून दोनशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवले, की त्या वेळात नमाजही होते, फळंही चिरून होतात. टायमरची घंटा वाजते.

तरी ती एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. भाजलेला समोसा हा तळलेला समोसा नसतो. घरातल्या पुरुषांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. सासऱ्यांना डॉक्टरांनी तेल बंद केलेलं, त्यांनी मात्र चार खाल्ले. आता शुक्रवारी तळतात, बाकीचे दिवस भाजतात. उरलेली भजी, गार झालेले पाव, कालची खारी यांना ओव्हन पाच-सात मिनिटांत पुन्हा कुरकुरीत करतो, आणि ही त्याची सगळ्यांत रोजची सेवा आहे. अन्न वाया जाऊ नये ही रमजानची शिकवणच.

विजेचाही हिशोब सासूने विचारला. एक किलो मैद्याच्या नव्वदच्या आसपास नानकटाई होतात. एका ट्रेवर सोळा. म्हणजे सहा घाणे, ओव्हन तापायचा वेळ धरून सव्वादोन तास. १६०० वॅटचा ओव्हन सलग जळला तर साडेतीन युनिट होतील. पण आतला थर्मोस्टॅट हवी तेवढी आंच झाली की कांड्या बंद करतो आणि उतरली की पुन्हा लावतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-अडीच युनिटांत काम होतं. सगळे घाणे एका बैठकीत लावले तर तापवण्याची वीज एकदाच जाते. एकदा मधेच वीज गेली, तेव्हा सुनेने दार उघडून बघण्याचा मोह आवरला. आतली ऊब टिकली आणि घाणा वाचला.

जेव्हा डबा परत गेला

या सगळ्यात एक दिवस मात्र असा आला, की त्याचा उपाय कुठल्याच बटणात नव्हता.

गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी शेजारच्या काकू आल्या. हातात स्टीलचा डबा, वर स्वच्छ पंचा. आत मळलेलं पीठ. भट्टी बंद झाल्यापासूनची ही पहिली दिवाळी नव्हती. आदल्या वर्षी त्यांनी कुकरमध्ये मीठ घालून प्रयत्न केला होता आणि खालची बाजू जळली होती. आता भाभीच्या घरी भट्टी आली होती. पंचवीस-तीस वर्षं जिथे दोघींचे डबे एका पत्र्यावर भाजले गेले, त्यातलंच हे, असं त्यांना वाटलं असणार.

सुनेने डबा हातात घेतला आणि थांबली. दर रविवारी त्या ओव्हनमध्ये चिकन भाजलं जात होतं. आतल्या भिंतींवर चरबीचे बारीक थेंब उडालेले होते. पुसले होते, पण ओव्हन तापला की वास यायचा. काकू शाकाहारी. त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि सुनेने काही सांगितलं नसतं तर कदाचित कळलंही नसतं.

ती म्हणाली, "काकू, यात आम्ही चिकन भाजतो. ट्रे धुते, पण ओव्हन तोच आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय मी ठेवणार नाही."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग राहू दे गं. माझं काही नसतं, पण यातलं नैवेद्याला जायचंय." डबा घेऊन त्या परत गेल्या. जाताना दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस."

भांडण झालं नाही, आवाज चढला नाही, भाऊबीजेला फराळाचं ताट नेहमीसारखं आलं. त्यात नानकटाई विकतची होती.

संध्याकाळी सासूला हे कळलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भट्टीत सगळ्यांचे डबे जायचे. का जायचे? कारण त्या भट्टीत पीठाशिवाय काही गेलंच नाही. भट्टीवाला स्वतः कबाब खायचा, पण बाहेर, शेगडीवर."

मुलाला राग आला. ओव्हनचे हप्ते तो भरत होता. आपल्या घरात आपण काय भाजायचं हे शेजाऱ्यांना विचारायचं का, असं त्याने विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. कुणी त्याला तसं करायला सांगितलंही नव्हतं. काकूंनी तर नाहीच. आई एवढंच म्हणाली, "विचारायचं नाही. आपणच ठरवायचं."

ठरायला तीन आठवडे गेले. शेवटी मुलाने बाजारातून गॅसवर ठेवायचा तंदूर आणला, झाकणाचा, आत जाळी असलेला. त्यात चिकनला धुराचा वास जास्त चांगला येतो, हे त्याचं त्यालाच कळलं, आणि राग निम्मा तिथेच उतरला. आता चिकन आणि कबाब गॅसवर, आणि ओव्हनमध्ये फक्त पीठ, पाव, भाज्या.

मग ओव्हनची सफाई. जाळ्या आणि खालचा कचऱ्याचा ट्रे गरम पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर भिजत ठेवले. आतल्या भिंतींना सोड्याची घट्ट पेस्ट लावली, कांड्यांना हात न लावता. सकाळी ओल्या फडक्याने पुसून काढली. दोन वेळा केलं. मग खिडक्या उघडून अर्धा तास २५० अंशांवर रिकामा तापवला. पहिल्या वेळी धूर आला, दुसऱ्या वेळी आला नाही. ही सफाई खरं तर महिन्यातून एकदा प्रत्येकाने करावी. खाली साचलेली चरबी आणि चुरा जळतो, धूर होतो, कधी पेटही घेतो. जुने ट्रे चिकनसाठी गॅसकडे गेले. दोन नवे ट्रे आणले.

काकूंना यातलं काही सांगायला कुणी गेलं नाही. सासूचं म्हणणं असं, की सांगायला गेलं तर तो उपकार होतो.

पाडवा आणि चांद

गेली दोन वर्षं पाडवा आणि ईद हातात हात घालून येत आहेत. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी ईद. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि चांद दिसण्यावर अवलंबून, त्याच्यामागून ईद. दोन्ही सण अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राचे. हिंदू पंचांगात अधिक महिना येईपर्यंत ही जोडी टिकते. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी ती सुटेल.

या वेळी पाडव्याला काकूंची मुलगी पुण्याहून नातवाला घेऊन येणार आहे. नातवाला नानकटाई आवडते. हे काकूंनी भिंतीपलीकडून सहज सांगितलं. सासूने तेवढंच सहज उत्तर दिलं, "वहिनी, आमच्या भट्टीत आता पीठच जातं. पहिला घाणा तुमचा लावते, पीठ घेऊन या."

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. तोच स्टीलचा डबा. आणि सोबत एक नवा ट्रे, स्वतःच्या घरचा, मोजमाप विचारून आणलेला. तो बघून सून जरा खट्टू झाली. सासूने तिला नजरेनेच थांबवलं. रांगेतही प्रत्येकीचा डबा स्वतःचाच असायचा, भट्टी तेवढी एक असायची.

ओव्हन १८० ला तापला, ट्रे आत गेला, आकडा १६० वर आला. दोघी म्हाताऱ्या काचेसमोर खुर्च्या टाकून बसल्या. आत दिवा लागलेला. सोळा नानकटाया हळूहळू फुगताना दिसत होत्या. "भट्टीत हे कधी दिसलं नाही," काकू म्हणाल्या. खरंच, इतकी वर्षं दोघींनी फक्त काळं तोंड आणि आत जाणारे पत्रे पाहिले होते.

बोलता बोलता जुनी रांग निघाली. डब्याचे पोचे निघाले. कुणी नंबर तोडला होता, कुणाची साखर कमी पडली होती, कुणाचे डबे एकदा बदलले होते आणि ईदच्या दिवशी एका घरात तीळ लावलेल्या नानकटाया निघाल्या होत्या. सून पीठाचे गोळे वळत होती आणि ऐकत होती. गल्लीच्या टोकाला जी रांग मोडली होती, ती दोन खुर्च्यांएवढी का होईना, ओट्यासमोर पुन्हा लागली होती.

पहिला घाणा बाहेर आला. सुनेने एक नानकटाई गार करून काकूंपुढे धरली. "बघा ना काकू, साखर बरोबर आहे का. आमच्यापैकी कुणाला चाखता येत नाही."

काकूंनी ती हातात घेतली, वास घेतला आणि परत ट्रेवर ठेवली. "अजान किती वाजता आहे?"

"पावणेसात... नाही, थोडं आधीच."

"मग तेव्हाच बघू. तुम्ही सगळे बसलेत, मी एकटी कशी खाऊ?"

त्या दिवशी काकू मगरिबपर्यंत थांबल्या. खजूर झाला, पाणी झालं, मग तिघींनी नानकटाई मोडली. साखर किंचित कमी होती. काकू म्हणाल्या, पुढच्या वेळी पाव किलोला सव्वाशे ग्रॅमऐवजी दीडशे घालू. सासू म्हणाली, आहे तेच बरं, आता दोघींनाही शुगर आहे.

डबा भरून काकू घरी गेल्या. दिवाळीच्या नैवेद्याच्या नानकटायांचं काय, हे कुणी विचारलं नाही. ते काकू दिवाळीला ठरवतील. ओव्हन तिथेच असेल, आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या.